वजन उतरविण्यास उपास नको, ताट बदला

‘वजन कमी करणें’ हा विषय शेतकऱ्यांच्या मासिकांत कशाला, असें कित्येक वाचकांस वाटेल. ज्या धंद्यांत पोटभर भाकरीची भ्रांत पिढ्यान्‌पिढ्या पुरली, त्या धंद्यांतील माणसांपुढें जास्त खाण्याची चर्चा करणें ही थट्टाच वाटावी, हें साहजिक आहे. परंतु आमच्या गांवाची हकीकत ऐकल्यास हा विषय शेतकऱ्याच्या घरांत किती खोल शिरला आहे, हें वाचकांच्या ध्यानीं येईल.

भांडुप हें साष्टींतील गांव. १८५३ सालीं बोरीबंदर ते ठाणें ही पहिली आगगाडी सुरू झाली, ती याच बाजूनें. तरी त्यानंतरहि कित्येक वर्षें सखल जागीं भाताचीं खाचरें आणि पूर्वेस खाडीकडे मिठागरें, हाच गांवाचा संसार होता. १९५० सालीं मुंबईची हद्द या बाजूस भांडुपपर्यंत येऊन पोंचली. पुढें कारखाने आले, चाळी उठल्या, आणि आमच्या घराण्याचीं खाचरेंहि त्यांत गेलीं. आमचे आजोबा पहांटे चिखलांत उतरत ते दिवस मावळतां घरीं येत. वडिलांनीं कारखान्यांत उभ्यानें काम केलें. आम्ही बंधु कचेरींत खुर्चीवर बसलों. तीन पिढ्यांत काम तीनदां बदललें. ताट मात्र आजोबांचेंच राहिलें. तोच भाताचा ढीग, तीच वर आमटी, आणि भाजी म्हणाल तर तोंडीं लावण्यापुरती.

आतां याचा हिशेब पाहूं. अन्नापासून शरीरास जी शक्ति मिळते, ती उष्मांकांत मोजतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनें २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या आंकड्यांप्रमाणें ६५ किलो वजनाच्या पुरुषास कष्टाचें काम असतां दिवसाला ३४७० उष्मांक लागतात, मध्यम काम असतां २७१०, आणि बैठें काम असतां २११०. जणूं आमच्या आजोबांचा, वडिलांचा आणि आमचाच हा हिशेब मांडला आहे! पहिल्या व शेवटल्या आंकड्यांत १३६० उष्मांकांचें अंतर आहे. तांदळाच्या मापानें बोलावयाचें तर हे सुमारें ३९० ग्रॅम कोरडे तांदूळ झाले. नातवानें आजोबांच्या मापानें जेवावयाचें ठरविल्यास एवढें धान्य दररोज शरीरांत शिलकीस पडावयाचें, आणि ही शिल्लक कोठें सांठते, हें सदऱ्याच्या गुंड्याच सांगतात.

ही केवळ मुंबईच्या उपनगरांची गोष्ट आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. आज नांगराच्या मागें चालणारा शेतकरी ट्रॅक्टरवर बसला आहे. मोट जाऊन विजेचा पंप आला आहे. शेतावर जाण्यास फटफटी आहे. हें सर्व इष्टच झालें. परंतु कष्ट कमी झाले तितकें ताट कमी झालें काय, हा प्रश्न प्रत्येकानें स्वतःस विचारावा. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वयाच्या स्त्रीपुरुषांपैकीं जवळजवळ चौथा हिस्सा वाजवीपेक्षां जास्त वजनाचा आढळला. याच पाहणींत पांचांतील सुमारें एक स्त्री कृशहि आढळली, हें विसरून चालणार नाहीं. सबब पुढील मजकूर ज्यांचें वजन खरोखरच वाढलें आहे त्यांच्यासाठींच आहे. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे कमरेचा घेर: पुरुषास ९० व स्त्रीस ८० सेंटिमीटरपेक्षां तो अधिक असल्यास सावध व्हावें.

वजन वाढल्याचें कळलें म्हणजे आमच्याकडे पहिला उपाय सुचतो तो उपासाचा. आमच्या थोरल्या बंधूंनीं हाच मार्ग धरला. मधुमेह उंबरठ्याशीं आला आहे, सहा किलो वजन उतरवा, असें डॉक्टरांनीं बजावतांच त्यांनीं रात्रीचें जेवण सोडलें आणि आठवड्यांत तीन दिवस उपास धरले. उपासाला साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू, गोड चहा. रात्रीं अकराच्या सुमारास भूक असह्य झाली म्हणजे फरसाणाचा डबा उघडावयाचा, आणि सकाळीं त्याची खंत करीत बसावयाचें. दोन महिन्यांत तीन किलो उतरले. पुढच्या तीन महिन्यांत चार किलो चढले. वर स्वभाव चिडखोर झाला तो निराळाच. ‘माझ्या अंगीं निग्रहच नाहीं,’ असें ते म्हणूं लागले. आमच्या मतें दोष निग्रहाचा नव्हता. दोष निवडीचा होता. भुकेशीं झुंज घेणारा माणूस आज ना उद्यां हरतोच. भूक शांत ठेवून उष्मांक कसे कमी करावे, हा खरा प्रश्न आहे.

पोट भरल्याचें समाधान तीन वस्तूंनीं होतें: अन्नांतील पाणी, अन्नांतील चोथा आणि प्रथिनें. पाणी व चोथा यांनीं घांस मोठा होतो, पण उष्मांक वाढत नाहींत. प्रथिनांनीं भूक लवकर परतत नाहीं. उलट तेल-तुपाच्या एका ग्रॅमांत ९ उष्मांक असतात, म्हणजे पिष्टाच्या दुपटीहून अधिक, आणि तें पोटांत जागाहि फारशी अडवीत नाहीं. ऑस्ट्रेलियांतील सिडनी विद्यापीठांत सुझाना होल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९५ सालीं याचा एक सुंदर प्रयोग केला. अडतीस पदार्थांचे प्रत्येकीं सुमारें २४० उष्मांकांचे वांटे करून ते लोकांस खावयास दिले आणि पुढें दोन तास भूक कितपत भागली तें नोंदविलें. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले असतां उकडलेल्या बटाट्यास ३२३, मासळीस २२५, संत्र्यास २०२, केकला ६५, आणि लोण्याच्या पदरांनीं बनविलेल्या क्रोसाँ नामक पावास केवळ ४७ गुण पडले. प्रयोग थोड्या माणसांवर झाला असल्यानें एकेका आंकड्यास फार चिकटून राहूं नये. पण दिशा स्पष्ट आहे. ज्या बटाट्याला लोक वजनाच्या बाबतींत शत्रु समजतात, तो साधा उकडून खाल्ल्यास सर्वांत जास्त पोट भरतो. तोच बेसनांत बुडवून तेलांत तळला आणि पावांत घातला म्हणजे गोष्ट पालटते. दोष कंदाचा नसून कढईचा आहे.

अमेरिकेंतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेनें २०१९ सालीं प्रसिद्ध केलेला दुसरा प्रयोगहि ध्यानांत घेण्याजोगा आहे. वीस माणसांस दोन आठवडे घरगुती पद्धतीचें ताजें अन्न आणि दोन आठवडे कारखान्यांत बनलेलें तयार अन्न, हवें तितकें खावयास दिलें. तयार अन्नाच्या पंधरवड्यांत त्यांनीं दररोज सुमारें ५०० उष्मांक जास्त खाल्ले आणि त्यांचें वजन जवळजवळ एक किलो वाढलें. पुड्यांतील चिवडा, बिस्किटें व गोड पेयें आतां खेड्यांतील दुकानांतहि टांगलेलीं असतात. त्यांस घराबाहेर ठेवणें हें उपासाच्या दहा दिवसांहून अधिक फलदायी आहे.

आतां प्रत्यक्ष ताटाकडे वळूं. आमच्या घरीं एका वेळच्या जेवणास माणशीं १५० ग्रॅम तांदूळ, २५ ग्रॅम तूरडाळ, मूठभर भाजी आणि फोडणीसह सुमारें १५ ग्रॅम तेल लागे. हे झाले ७६० उष्मांक, आणि प्रथिनें सुमारें १७ ग्रॅम. वहिनींनीं ताट असें बदललें: ६० ग्रॅम तांदूळ, ५० ग्रॅम वाल किंवा मूग यांची उसळ, पाव किलो भाजी व काकडी मिळून, ५ ग्रॅम तेल, आणि पेलाभर पातळ ताक. उष्मांक सुमारें ५३०, प्रथिनें सुमारें २१ ग्रॅम, आणि ताटाचा भार पूर्वीपेक्षां कमी तर नाहींच, ताकासह पाहिल्यास जास्तच. दोन वेळच्या जेवणांत मिळून दिवसाला साडेचारशेंवर उष्मांक वांचले, आणि रात्रीचा फरसाणाचा डबा कोणीं न सांगतां बंद पडला. बंधूंचें सहा किलो वजन उतरण्यास आठ महिने लागले. पण तें आजतागायत परत चढलेलें नाहीं.

येथें कांहीं गैरसमज दूर केले पाहिजेत. भात सोडून त्याच मापानें चपात्या खाल्ल्यास कांहींच साधत नाहीं. तांदूळ, गहूं, ज्वारी व नाचणी यांच्या कोरड्या पिठांतील उष्मांक जवळजवळ सारखेच असतात. नाचणींत चोथा व चुना भरपूर असल्यामुळें ती उत्तम खरी. पण चार भाकऱ्या त्या चारच, आणि नाचणीच्या नांवानें विकलेलें साखरेचें बिस्किट हें बिस्किटच. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्टच असून त्यांत प्रथिनें नांवालाच असतात. शेंगदाणे पौष्टिक आहेत, पण शंभर ग्रॅमांत पांचशेंहून अधिक उष्मांक असल्यानें ते मुठीनें मोजावे, वाटीनें नव्हे. आमच्या खाडीकांठच्या लोकांस सुके बोंबील प्रिय. त्यांच्या शंभर ग्रॅमांत ६० ग्रॅमांच्या आसपास प्रथिनें असतात. ते तळण्याऐवजीं वांग्यांत शिजवावे. खाऱ्या मासळीच्या मिठापासून मात्र रक्तदाब असणाऱ्यांनीं जपावें. कडधान्यांनीं पोट फुगतें अशी तक्रार असल्यास तीं भिजवून मोड आणावीं, पहिलें पाणी टाकावें, आणि प्रमाण हळूहळू वाढवावें.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचेंहि मत याहून वेगळें नाहीं. ही संस्था १९१८ सालीं कुन्नूर येथें बेरीबेरीच्या शोधासाठीं निघाली, म्हणजे सडलेल्या तांदळाचा प्रश्न तिला जन्मापासूनचाच ठाऊक. तिनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनांत दिवसाच्या दोन हजार उष्मांकांसाठीं २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यें, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळें व ३०० मिलिलिटर दूध किंवा दहीं असें माप दिलें आहे. धान्यांपासून निम्म्याहून कमीच उष्मांक यावेत, असा तिचा आग्रह आहे. वजन आठवड्याला अर्धा किलो याच गतीनें उतरावें आणि दिवसाचा आहार एक हजार उष्मांकांखालीं कदापि नेऊं नये, असेंहि ती बजावते. मधुमेहाचीं औषधें घेणाऱ्यांनीं, मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनीं व गर्भवती स्त्रियांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून आहारांत फेरफार करूं नये.

यावर कोणी म्हणेल, भात स्वस्त, भाजी व डाळ महाग. तेव्हां हें सुखवस्तु लोकांचें पथ्य होय. नोकरीवर जगणाऱ्या शहरवासीयाच्या तोंडीं हा आक्षेप शोभतो. पण ज्याच्या नांवें सातबारा आहे त्यानें तो घ्यावा, याचें आम्हांस नवल वाटतें. ठाणें व रायगड जिल्ह्यांत भात कापल्यावर जमिनींत उरलेल्या ओलाव्यावर वाल पेरण्याची चाल जुनी आहे. वालाच्या मुळांवरील गांठी जमिनीसहि नत्र देतात. तरी आज कित्येक खाचरें भातानंतर पडिक राहतात, आणि त्याच खाचरांचा धनी बाजारांतून वाल विकत आणतो, किंवा आणीतच नाहीं! परसांत शेवगा, अळू, माठ, दुधी व पडवळ यांस जागा किती लागते? ज्याच्याजवळ एकरच्या एकर आहेत, त्यानें एक गुंठा घरच्या ताटासाठीं राखला तर विक्रीच्या पिकास तोटा तो कितीसा येणार?

आमच्याकडे आतां गुंठाहि उरला नाहीं; गच्चींतील चार कुंड्यांत माठ पिकवून आम्ही हौस भागवितों. म्हणूनच ज्यांचेजवळ अद्याप जमीन आहे त्यांस आमची कळकळीची सूचना आहे. संघाच्या प्रत्येक सभासदानें येत्या हंगामांत एक गुंठा वालाचा व एक गुंठा भाजीचा केवळ घरासाठीं लावावा. घरांतील ज्या माणसाचें वजन वाढलें असेल, त्याची कमर पेरणीच्या दिवशीं मोजून ठेवावी, आणि पुढल्या पावसाळ्याच्या तोंडाशीं पुन्हां मोजावी. पिकाचा उतारा आपण वर्षानुवर्षें नोंदवीत आलों. पिकविणाऱ्याच्या शरीराची नोंदहि एकदां ठेवून पाहावी. या दोन नोंदी सभासदांनीं मासिकाकडे धाडल्यास त्यांचा उपयोग सर्वांसच होईल, इतकें लिहून हा लेख पुरा करितों.