चाँदवरून भांडता, मग मुलीला आकाश मोजायला का अडवता?

दर वर्षी रमजान संपत आला की आपल्या मोहल्ल्यांत तोच वाद सुरू होतो. चाँद दिसला की नाही? सौदीत ईद आज, आपल्याकडे उद्या, असं का? फोनवर अफवा फिरतात आणि चाँद कमिटीच्या निरोपाची वाट पाहत घरं जागी राहतात. या वादात सगळे बोलतात. आज सूर्य मावळेल तेव्हा चंद्र क्षितिजापासून किती वर असेल, सूर्यापासून किती अंश दूर असेल आणि किती मिनिटांनी मावळेल, हे हिशोब करून सांगणारा मात्र कुणी नसतो. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर साधारण सात अंशांपेक्षा कमी असेल तर कोर दिसतच नाही, हे दाँजों या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने १९३०च्या दशकातच मांडलं. हा हिशोब आज दहावीची मुलगी पायथनमध्ये थोड्या ओळी लिहून करू शकते. शरियतचा निर्णय कुणी द्यायचा, हा माझा विषय नाही. माझा प्रश्न इतकाच आहे की ती मुलगी आपल्या घरात का तयार होत नाही?

मी भिवंडी तालुक्यातल्या वळमध्ये शिकवणी घेते. अंजूरफाटा आणि मानकोलीच्या मधला हा सगळा पट्टा गोडाऊनचा आहे. तुम्ही मोबाईलवर काही मागवलंत तर ते इथल्याच एखाद्या शेडमधून निघालेलं असण्याची बरीच शक्यता आहे. माझ्याकडे येणारी मुलं हमालांची, ड्रायव्हरांची, लूमवर काम करणाऱ्यांची आहेत. त्यांचे मोठे भाऊ गोडाऊनमध्ये पिकिंगला जातात. हातात स्कॅनर असतो. कोणत्या रॅककडे जायचं, काय उचलायचं, हे तो सांगतो. त्या स्कॅनरला कुणीतरी प्रोग्रॅम लिहून हुकूम दिलेला असतो. कोडिंग आमच्या गावात कधीच येऊन पोचलंय, फक्त आमच्या मुलांच्या वाट्याला त्याचा हुकूम मानणं आलंय.

म्हणून उन्हाळ्यातल्या खगोलशास्त्राच्या कार्यक्रमांबद्दल बोलायला हवं. अमेरिकेत १९५९पासून ‘समर सायन्स प्रोग्रॅम’ चालतो. त्याच्या खगोलशाखेत शाळकरी मुलं तिघा-तिघांच्या गटाने दुर्बिणीतून एका लघुग्रहाची छायाचित्रं घेतात, त्याच्या जागा मोजतात आणि स्वतः प्रोग्रॅम लिहून त्याची कक्षा काढतात. १८०१मध्ये सेरेस सापडला आणि सूर्याच्या झोताआड हरवला, तेव्हा चोवीस वर्षांच्या गाउसने मोजक्या निरीक्षणांवरून त्याची वाट काढली होती. तेच गणित ही मुलं संगणकाकडून करून घेतात. त्याची फी काही हजार डॉलर आहे, गरजूंना मदत मिळते. पण इतकं लांब जायची गरज नाही. पुण्याच्या आयुकात उन्हाळ्यात तिथल्या शाळांमधली आठवी ते दहावीची मुलं आठवडाभर एका संशोधकाबरोबर प्रकल्प करतात. इस्रोने २०१९मध्ये नववीच्या मुलांसाठी ‘युविका’ सुरू केलं. प्रवास, राहणं, जेवण सगळा खर्च इस्रोचा, आणि निवडीत ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळांना जादा गुण मिळत आले आहेत. ऑलिम्पियाडच्या मुलांचं शिबिर मानखुर्दच्या होमी भाभा केंद्रात भरतं. २०२५च्या ऑगस्टमध्ये खगोलशास्त्राचं आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाड मुंबईतच झालं. साठाहून जास्त देशांतली मुलं आली. वळपासून तास-दीड तासाच्या अंतरावर जग येऊन गेलं आणि आमच्या गल्लीत कुणाला पत्ता नव्हता.

गेल्या वर्षी माझ्याकडच्या नववीच्या एका मुलीने अशा निवासी कार्यक्रमासाठी अर्ज भरायचं ठरवलं. गुण चांगले होते, कागद जमवले होते. शेवटी तिच्या अम्मी म्हणाल्या, “बाजी, आमची ना नाही, पण पंधरा दिवस मुलगी बाहेर, खानदानात बोलणी होतील.” अर्ज गेला नाही. त्याच महिन्यात तिचा अठरा वर्षांचा भाऊ गोडाऊनमध्ये नाइट शिफ्टला लागला. तेव्हा खानदानात कुणी बोललं नाही. रात्रभर जागून दुसऱ्याचे खोके उचललेले चालतात, रात्री जागून तारा पाहिलेला चालत नाही. हा हिशोब मला कुणीतरी समजावून सांगावा.

आणि हेच लोक जलशांत छाती फुगवून सांगतात की खगोलशास्त्र आमचं! खरंच आहे. रोहिणीला जग अल्देबरान म्हणतं, श्रवणला अल्तैर, अभिजितला वेगा, ही सगळी नावं अरबीतून आली. नवव्या शतकात बगदादला बसलेल्या अल्-ख्वारिज्मीच्या नावावरून ‘अल्गोरिदम’ शब्द आला, म्हणजे कोडिंगचं मूळच तिथे. पण पुढचं कुणी सांगत नाही. ख्वारिज्मीने आकाशाची जी कोष्टकं तयार केली, त्यांचं नाव ‘झीज अल्-सिंदहिंद’. त्यांचा आधार होता भारतातून गेलेला सिद्धान्त. अल्-बिरुनी तर हिंदुस्थानचं ज्ञान समजून घेण्यासाठी संस्कृत शिकला. दुसऱ्याकडून शिकायची त्यांना लाज नव्हती. दहाव्या शतकात हलबच्या सैफुद्दौलाच्या दरबारी अॅस्ट्रोलेब बनवणारी एक बाई होती. इब्न अल्-नदीमने तिची नोंद अल्-इज्लिया म्हणून केली आहे. हजार वर्षांपूर्वी एक बाई आकाश मोजायचं यंत्र घडवत होती आणि आज आपण मुलीला शिबिराला पाठवायचं की नाही यावर बैठका घेतो. पूर्वजांचं नाव घ्यायला पैसे पडत नाहीत. त्यांचं काम पुढे न्यायला मुलांना घराबाहेर पाठवावं लागतं.

“हे शिकून नोकरी मिळते का?” हा दुसरा सवाल. खगोलशास्त्रज्ञ थोडेच होतात, कबूल. पण ज्या मुलीने गोंधळलेल्या आकड्यांतून लघुग्रहाची वाट शोधली, तिला उद्या बँकेचे, इस्पितळाचे किंवा याच गोडाऊनचे आकडे घाबरवणार नाहीत. आणि “दीन बिघडेल” म्हणणाऱ्यांनी आपल्या मशिदीच्या भिंतीवरचं नमाजाचं वेळापत्रक पाहावं. ते सूर्याच्या उंचीच्या गणितावर चालतं. किब्ल्याची दिशाही गणितानेच निघते.

आता दुसऱ्या बाजूचा हिशोब. सगळा दोष मोहल्ल्यावर टाकून संस्थांना मोकळं सोडायला मी तयार नाही. सच्चर समितीने २००६मध्ये लिहून ठेवलं की सहा ते चौदा वयाची २५ टक्के मुस्लिम मुलं एक तर शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मधेच गळाली. जी टिकतात त्यांच्यापुढे इंग्रजी संकेतस्थळ, ऑनलाइन चाचणी, विज्ञान प्रदर्शनाची प्रमाणपत्रं असा जिना उभा राहतो. ज्या शाळेत प्रयोगशाळेला कुलूप असतं, तिथल्या मुलीने प्रमाणपत्र कुठून आणायचं? ‘सर्वांसाठी खुलं’ असं लिहिल्याने दार खुलं होत नाही. या संस्था जनतेच्या पैशावर चालतात, त्यात लूमवाल्याने भरलेला करही आहे. म्हणून मागणी साधी आहे: माहिती आणि अर्ज मराठीत आणि उर्दूतही द्या. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांपर्यंत पत्र पोचवा. निवासी शिबिराबरोबर सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल असा आठवडा ठाणे-भिवंडीच्या मुलांसाठी ठेवा. पुण्याच्या मुलांना जे जमतं ते इथेही जमेल.

आपण काय करायचं? युविकाचे अर्ज साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात. जुम्याच्या नमाजानंतर चंद्याची घोषणा होते, तशीच या तारखांचीही व्हावी. जमातीने एका इफ्तार पार्टीचा खर्च वाचवून दोन जुने लॅपटॉप घ्यावेत आणि वाचनालयात ठेवावेत. पायथन फुकट आहे, स्कायफील्डसारखी खगोलाची साधनं फुकट आहेत. वळचं आकाश गोडाऊनच्या दिव्यांनी धुऊन निघालंय, पण खगोल मंडळाची माणसं वर्षानुवर्षं वांगणीला आकाशदर्शन घेत आली आहेत, लोकलने जाता येतं. आणि मुलींना एकटं पाठवायची भीती असेल तर एका शिक्षिकेचं भाडं भरा. ती बरोबर जाईल. वळपुरती ती जबाबदारी मी घेते.

पुढच्या रमजानमध्ये पुन्हा वाद होईल, होऊ द्या. पण त्या संध्याकाळी वळमधली एखादी मुलगी लॅपटॉप उघडून सांगू दे की आज चंद्र इतक्या अंशांवर आहे, इतकी मिनिटं थांबेल, आणि हा माझा हिशोब, तपासून घ्या. मग भांडा खुशाल. निदान आकडे घेऊन भांडाल.