घरची गाडी : गॅस भरण्याआधी

खेड तालुक्यातून एका भगिनीचं पत्र आलं आहे. घरी १९९७ची मारुती ८०० आहे, तिचा मूळचा एसी तीन वर्षांपासून बंद. सासऱ्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी चिपळूणला न्यावं लागतं. परतताना भर दुपार असते आणि माणूस आधीच गळून गेलेला. नवी गाडी घेण्याची ऐपत नाही. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, "गॅस भरून देतो, दोन तासांत गाडी गार." भरावा का, असं त्या विचारतात.

इतक्यात भरू नका. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅस पावसाळ्याआधीच निघून जाईल.

दुसरा प्रश्न, गॅस कोणता? त्या काळच्या गाड्यांत बहुधा आर-१२ असे. तो ओझोनचा थर विरळ करतो, म्हणून १९८७च्या मॉन्ट्रियल करारानंतर जगभर टप्प्याटप्प्याने बंद झाला. भारत त्या करारात १९९२ मध्ये आला. आता गाड्यांच्या एसी दुरुस्तीत सर्रास वापरतात तो आर-१३४ए. आपल्या गाडीत कोणता होता हे बॉनेटखालच्या लेबलवर असतं. लेबल गेलं असेल तर गॅस भरायचं तोंड बघा. आटे असलेलं तोंड जुन्या गॅसचं, खटकन बसणाऱ्या कपलरचं नव्याचं.

खरी गोम तेलात आहे. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं. आर-१२ सोबत खनिज तेल चालायचं, आर-१३४ए मध्ये ते मिसळतच नाही. मग तेल कूलिंग कॉइलमध्ये साचून राहतं आणि कॉम्प्रेसर कोरडा फिरून जाम होतो. तेव्हा जुनं तेल काढून एस्टर जातीचं तेल घालायला सांगा. जुन्या तेलाचा थोडा अंश उरला तरी ते सांभाळून घेतं. ड्रायर आणि सांध्यांची रबरी सीलं बदलून घ्या. त्यानंतर व्हॅक्यूम पंप निदान अर्धा तास चालवून आतली हवा आणि ओल काढायची, पंप बंद करून काटा जागेवर राहतो का ते पाहायचं. काटा हलला तर गळती बाकी आहे. नवा गॅस जुन्याच्या वजनाच्या साधारण ८० ते ९० टक्केच लागतो, म्हणून तो वजन करून भरायचा. जास्त भरला तर थंडावा वाढत नाही, उलट कमी होतो.

काही जण या सगळ्याला फाटा देऊन स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचा स्वस्त गॅस भरतात. तो जुन्या तेलात चालतो आणि थंडही छान करतो, म्हणूनच मोह होतो. पण तो पेटतो. कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या मागे असते, ती गळली तर गॅस थेट आपण बसतो तिथे येतो. आजारी माणूस मागच्या सीटवर आडवा आहे आणि काचा बंद आहेत. कितीही पैसे वाचत असले तरी याला नाही म्हणा.

नव्या गॅसचा दाब उन्हात जास्त चढतो, जुना कंडेन्सर तेवढी उष्णता बाहेर टाकायला कमी पडतो. गाडी धावताना गार आणि फाटकाशी थांबली की गरम हवा, असं होत असेल तर दुखणं तिथलंच. आधी कंडेन्सर पाण्याने धुऊन पाहा, त्याच्यासमोरचा पंखा फिरतो का पाहा. तरी भागलं नाही तर पॅरलल फ्लो जातीचा कंडेन्सर बसवा. माझ्या मते या जुन्या गाडीत खर्च करण्यासारखी सुधारणा हीच. जादा पंखा बसवलात तर त्याला स्वतंत्र फ्यूज आणि रिले हवाच, हेडलाइटच्या वायरीला जोडू देऊ नका.

इंजिन ७९६ सीसीचं आहे. परशुराम घाट चढताना एसी बंद ठेवावा लागला तर तो बिघाड समजू नका.

खर्चाआधी फिटनेसचंही पाहा. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. तळ गंजून गेला असेल आणि गाडी त्यात अडकणार असेल, तर हे पैसे डायलिसिसच्या दिवसांपुरत्या भाड्याच्या गाडीला बरे. तोवर सासऱ्यांना बसवण्याआधी चारही दारं दोन-तीन मिनिटं उघडी ठेवा, सावलीत गाडी लावा.

काम झाल्यावर बिलावर गॅसचं नाव, वजन आणि तेलाचा प्रकार लिहून घ्या. काढलेला ड्रायर मागून घ्या. साधा थर्मामीटर झडपेत धरा. बाहेर ३५ अंश असताना धावत्या गाडीत आतली हवा दहा-बारा अंशांपर्यंत उतरली, तरच उरलेले पैसे द्या.