राजापूरची झोपडी कुठे गेली?

बॅरिस्टर नाथ पै 1957 मध्ये कोकणातल्या राजापुरातून लोकसभेत गेले, तेव्हापासून 1991 पर्यंत हा मतदारसंघ समाजवाद्यांचा होता. नाथ पैंनंतर प्रा. मधु दंडवते आले. 1971 ची इंदिरा लाट आली, 1984 ची सहानुभूतीची लाट आली. राज्यात विरोधकांचं पानिपत झालं, पण राजापूरने दंडवत्यांना दिल्लीला पाठवलंच. सलग पाच वेळा. मग 1991 मध्ये काँग्रेसचे सुधीर सावंत जिंकले, 1996 मध्ये शिवसेनेचे सुरेश प्रभू. समाजवादी पुन्हा उभे राहू शकले नाहीत.

पैसा आणि धर्माचं राजकारण यांनी घात केला, असं समाजवादी मित्र सांगतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. कोकणातली चूल मुंबईच्या गिरणगावातून येणाऱ्या मनिऑर्डरवर पेटत होती. 1982 च्या गिरणी संपानंतर ही मनिऑर्डर आटली. चाकरमान्याच्या पोराला नोकरी हवी होती, आजारी म्हातारीला रात्री रुग्णवाहिका हवी होती. ते काम लालबाग-परळच्या शिवसेना शाखांनी केलं. बँकांत, विमा कंपन्यांत मराठी मुलं घ्या म्हणून सेनेच्या स्थानीय लोकाधिकार समितीने मोर्चे काढले. मुंबईत जुळलेलं हे नातं गणपतीला गावी आलं आणि मतपेटीत उतरलं.

समाजवाद्यांकडे तेव्हा स्वतःची पाटीसुद्धा उरली नव्हती. प्रजासमाजवादी पक्षाची झोपडी ही निशाणी गेली, 1977 मध्ये समाजवादी पक्ष जनता पक्षात विरघळला, पुढे जनता दल. रेल्वेमंत्री म्हणून दंडवत्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आणली, कोकण रेल्वेसाठी आयुष्यभर झटले. एवढा मोठा माणूस! पण त्यांच्यामागे गावोगाव पक्ष उभा करणारी दुसरी फळी तयार झाली नाही, आणि ही चूक मतदारांची नव्हती.

आज सावंतवाडी-दोडामार्गची मुलं रोज पहाटे मोटारसायकलवरून गोव्यातल्या कारखान्यांत कंत्राटी कामाला जातात. घरात कुणी गंभीर आजारी पडलं की गाडी गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयाकडे काढावी लागते, कारण जवळच्या सरकारी दवाखान्यात तशी सोय नाही. कंत्राटी मजुरी आणि सरकारी दवाखाना हे तर समाजवाद्यांचे हक्काचे प्रश्न. निवडणूक आली की आघाडीकडे एखादी जागा मागत बसण्यापेक्षा त्यांनी गोव्याच्या सीमेवरच्या बांद्यात बारमाही उघडं राहणारं एक कार्यालय थाटावं, या मुलांची कंत्राटं वाचावीत, थकलेला पगार मिळवून द्यावा. पहिल्या निवडणुकीत डिपॉझिट जाईल. जाऊ दे.