रात्रीचा मनोरा आणि 'घर' या शब्दाचा अर्थ

माणूस कोठे राहतो, या वरकरणी साध्या प्रश्नाचे उत्तर मोबाईल फोनच्या नोंदींतून काढण्याचे प्रयत्न गेली काही वर्षे अनेक देशांत होत आहेत. हा तंत्रज्ञांचा विषय आहे, असे म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्याने त्याकडे पाठ फिरवू नये, असे आम्हांस वाटते; कारण या साऱ्या खटाटोपाच्या मुळाशी एका शब्दाचा अर्थ लावण्याचा प्रश्न आहे. तो शब्द म्हणजे 'घर'.

आधी पद्धत पाहू. कोणी, कोणास, केव्हा, किती वेळ आणि कोणत्या मनोऱ्यावरून फोन केला, याची नोंद फोन कंपनी ठेवते. काय बोलले गेले, हे त्या नोंदीत नसते. संशोधक अशा कित्येक महिन्यांच्या नोंदी घेतात, नावे आणि क्रमांक झाकतात आणि एक नियम ठरवतात. रात्रीच्या ठरावीक तासांत ज्या मनोऱ्यावरून फोन सर्वाधिक वेळा वापरला गेला, त्याच्या परिसरात त्या माणसाचे घर, असा तो नियम असू शकतो. शहरात मनोरे दाट असल्याने हा परिसर लहान असतो. ग्रामीण भागात तो काही किलोमीटरांचा होतो.

या पद्धतीचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला. सुमारे १९ लाख सिमकार्डांच्या हालचालींवरून संशोधकांनी असा अंदाज केला, की त्या दिवशी राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये असलेल्यांपैकी सुमारे ६ लाख ३० हजार माणसे १९ दिवसांनंतर शहराबाहेर होती. अन्न आणि औषधे कोणत्या दिशेने धाडावीत, हे अशा वेळी कोणतीही खानेसुमारी इतक्या लवकर सांगू शकत नाही.

परंतु नियम बदलला की घरही बदलते. फ्रान्समधील सुमारे १ कोटी ८० लाख ग्राहकांच्या पाच महिन्यांच्या नोंदींवर 'घर' शोधण्याचे पाच वेगवेगळे निकष लावून पाहण्यात आले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, निकषाच्या निवडीमुळे सुमारे ४० टक्क्यांपर्यंत ग्राहकांच्या घराची जागा बदलू शकते. संहिता एकच, वाचने पाच. समीक्षेत याचे नवल कोणास वाटणार नाही. पण तेथे आपण वाचनाला वाचनच म्हणतो. येथे मात्र वाचन आकड्याचा वेष घेते आणि नियोजनकाराच्या मेजावर वस्तुस्थिती म्हणून जाऊन बसते.

हे निकष आपल्याकडे लावून पाहिले तर काय होईल? बीडचा ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास गाव सोडतो आणि वर्षातील पाच-सहा महिने कारखान्याच्या परिसरात, उसाच्या फडांजवळच्या कोपीत काढतो. नोंदी हंगामातल्या घेतल्या तर त्याचे घर एका जिल्ह्यात, पावसाळ्यातल्या घेतल्या तर दुसऱ्यात. शिवाय या व्यवहारात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. दोघांत फोन एकच असेल, तर तेथेही ती दोघे मिळून एकच ठरणार. रात्रपाळीच्या पहारेकऱ्याचे 'घर' तर तो ज्या इमारतीची राखण करतो तेच निघेल. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली आले, तेव्हापासून मराठी वाचकाला निदान एवढे ठाऊक आहे, की मुक्काम असणे आणि घर असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

जनगणनाही काही निर्दोष नव्हे. परंतु २०११ च्या जनगणनेचा प्रगणक दाराशी येऊन विचारत होता: जन्म कोठला, याआधी वास्तव्य कोठे होते, स्थलांतर का केले? उत्तर देणाऱ्याला आपले गाव स्वतःच्या तोंडाने सांगता येत होते. फोनची नोंद काहीच विचारत नाही. नाव झाकले तरी माणूस झाकला जातोच असेही नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, १५ लाख माणसांच्या १५ महिन्यांच्या नोंदींत, स्थळ आणि काळ यांचे केवळ चार बिंदू ९५ टक्के व्यक्तींना इतरांपासून वेगळे काढण्यास पुरेसे ठरले.

आमचे म्हणणे इतकेच, की समूहाविषयीचा अंदाज समूहापुरताच राहावा, आणि प्रत्येक आकड्याबरोबर 'घर' म्हणजे काय धरले, तेही छापले जावे. रेशन, पुनर्वसन, मतदारयादी अशा ठिकाणी 'तुमचा फोन तर येथे नसतो' हे वाक्य एखाद्या माणसाविरुद्ध पुरावा म्हणून उच्चारले जाऊ नये. ज्याचे गाव धरणाखाली गेले किंवा ज्याला पोटासाठी गावाबाहेर राहावे लागते, त्याच्यापाशी 'मी इथला' एवढे एकच वाक्य कधीकधी उरलेले असते. ते खरे की खोटे, याचा निवाडा मनोऱ्याने करू नये.