मत आहे, मुक्कामाची शाश्वती नाही

ब्रिटनच्या मतदारयादीत नाव येण्यासाठी ब्रिटिश नागरिक असावेच लागते, असे नाही. राष्ट्रकुलातील कोणत्याही देशाचा नागरिक तेथे कायदेशीररीत्या राहात असेल, तर त्याला संसदेच्या निवडणुकीत मत देता येते. लागोसहून किंवा आक्राहून वृद्धांच्या देखभालीच्या कामासाठी व्हिसावर आलेली स्त्री लंडनमध्ये राहण्याचा पत्ता पक्का होताच मतदार म्हणून नोंदणी करू शकते. मात्र ज्या मालकाच्या भरवशावर तिचा व्हिसा आहे, त्याचा परवाना सरकारने रद्द केला, तर दुसरा मालक शोधण्यासाठी तिच्या हाती साधारण ६० दिवस उरतात. तो न मिळाल्यास देश सोडावा लागतो. पंतप्रधान कोणी व्हावे हे ठरविण्याचा अधिकार आहे. पण तो कारभार करीत असताना आपण त्या देशात असू की नाही, याची खात्री नाही. ब्रिटनमधील आफ्रिकी वंशाच्या समाजाचे राजकारण समजून घ्यायचे, तर या विसंगतीपासून सुरुवात करावी लागते. संसदेत किती कृष्णवर्णीय चेहरे दिसतात, या मोजदादीपासून नव्हे.

मताचा हा अधिकार म्हणजे साम्राज्याचा वारसा आहे. राजाच्या प्रजाजनांना मिळालेला हक्क वसाहती स्वतंत्र झाल्यावरही राष्ट्रकुल नागरिकांकडे तसाच राहिला. माजी ॲटर्नी जनरल लॉर्ड गोल्डस्मिथ यांच्या मार्च २००८ च्या अहवालाने तो कालांतराने केवळ ब्रिटिश नागरिकांपुरता ठेवावा, अशी शिफारस केली होती. ती अमलात आली नाही. झिम्बाब्वेने २००३ मध्ये राष्ट्रकुल सोडले, तरी झिम्बाब्वेच्या नागरिकांचे ब्रिटनमधील मत शाबूत राहिले. उलट सोमालिया, इथिओपिया किंवा काँगोहून आलेल्यांना नागरिकत्व मिळेपर्यंत मत नाही. एकाच गल्लीत, एकाच प्रार्थनास्थळात जाणारी दोन आफ्रिकी कुटुंबे; एकाकडे मत आहे, दुसऱ्याकडे नाही. (हाच अधिकार भारतीय नागरिकांनाही आहे. पुण्या-मुंबईहून तिकडे शिकायला गेलेल्यांपैकी किती जणांना तो ठाऊक असतो, कोण जाणे!)

'ब्रिटनमधील कृष्णवर्णीय' हा शब्दप्रयोगही फसवा आहे. जून १९४८ मध्ये 'एम्पायर विंड्रश' जहाजातून टिलबरी बंदरात उतरलेले बहुतेक जण कॅरिबियन बेटांवरचे होते आणि पुढची चार दशके कृष्णवर्णीयांचे राजकारण म्हणजे मुख्यतः त्यांचेच राजकारण होते. आफ्रिकेतून येणाऱ्यांचा ओघ नंतर वाढला. आधी विद्यार्थी आले, मग ऐंशीच्या दशकात नायजेरियाची अर्थव्यवस्था कोसळल्यावर मध्यमवर्ग आला, पाठोपाठ सोमालियातील यादवीचे निर्वासित आणि २००० नंतर झिम्बाब्वेतून बाहेर पडलेले लोक. २००१ च्या जनगणनेत इंग्लंड व वेल्समध्ये कॅरिबियन वंशाचे लोक आफ्रिकी वंशाच्या लोकांपेक्षा जास्त होते. २०२१ मध्ये आफ्रिकी सुमारे १५ लाख, तर कॅरिबियन सव्वासहा लाखांच्या आत, असे चित्र उलटले होते.

आणखी एक गफलत आपल्याकडे वारंवार होते. ऋषी सुनक यांचे वडील केनियात जन्मले, प्रीती पटेल यांचे आईवडील युगांडाहून आले, सुएला ब्रेव्हरमन यांचे गोव्याचे मूळ असलेले वडील केनियाहून आले. हे सारे 'आफ्रिकेतून आलेले' खरे. पण वसाहतीच्या उतरंडीत हा भारतीय समाज आफ्रिकी जनतेच्या वरच्या पायरीवर होता. त्यांच्या यशाचे माप आफ्रिकी वंशाच्या स्थलांतरितांना लावणे चुकीचे ठरेल. १९८७ च्या निवडणुकीत मात्र हे प्रवाह एकत्र दिसले होते. मजूर पक्षाच्या तिकिटावर डायन ॲबट, बर्नी ग्रँट, घानाई पित्याचे पुत्र पॉल बोटेंग आणि एडनमध्ये जन्मलेले गोमंतकीय कीथ वाझ असे चौघे एकाच वेळी निवडून आले. पक्षांतर्गत 'ब्लॅक सेक्शन्स'च्या मागणीला नेतृत्वाने विरोध केला होता, त्यानंतरचे हे यश होते. बोटेंग २००२ मध्ये ब्रिटनचे पहिले कृष्णवर्णीय कॅबिनेट मंत्री झाले.

या समाजाच्या मतांचे वजन कधी जाणवले, याचे उदाहरण पूर्व लंडनमधील बार्किंग-डॅगनहॅमचे आहे. फोर्डच्या मोटार कारखान्याभोवती वाढलेली ही श्वेतवर्णीय कामगारांची वस्ती. लंडनमधील सर्वांत स्वस्त घरे येथे असल्याने आफ्रिकी कुटुंबे येऊ लागली, त्याच सुमारास कारखान्यातील रोजगार आटला आणि नगरपालिकेच्या घरांची प्रतीक्षायादी लांबली. आफ्रिकी कुटुंबांना या भागात घरे घेण्यासाठी हजारो पौंड दिले जातात, अशा खोट्या पत्रकांवर ब्रिटिश नॅशनल पार्टीने प्रचार केला आणि मे २००६ मध्ये नगरपालिकेत १२ जागा जिंकून ती मुख्य विरोधी पक्ष बनली. ६ मे २०१० रोजी संसद व नगरपालिका यांचे मतदान एकाच दिवशी झाले. पक्षाचे नेते निक ग्रिफिन बार्किंगमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेले आणि पालिकेतील सर्व ५१ जागा मजूर पक्षाला मिळाल्या. या निकालामागे वंशवादविरोधी संघटनांनी घरोघर केलेला प्रचार होता, संसदेच्या निवडणुकीमुळे वाढलेले मतदानही होते. पण ज्यांच्या नावाने ही भीती घातली जात होती, तेही आता मतदारयादीत होते, हा हिशेब ग्रिफिन यांच्याकडून राहून गेला.

असा प्रसंग विरळाच. एरवी या मतांची स्थिती आपल्याकडील एकगठ्ठा मतपेढीसारखी आहे. ती मिळणार हे गृहीत धरले जाते आणि म्हणून त्यासाठी काही द्यावे लागत नाही. दक्षिण लंडनमधील पेकम हा भाग तेथील नायजेरियन दुकानांमुळे 'लिटल लागोस' म्हणून ओळखला जातो. पेकमच्या खासदार १९८२ पासून २०२४ पर्यंत हॅरिएट हर्मन होत्या. त्या कर्तबगार होत्या, हे मान्य. तरी लायबेरियात जन्मलेल्या मियाट्टा फानबुले तेथून लोकसभेवर, म्हणजे हाऊस ऑफ कॉमन्सवर जाण्यास ४२ वर्षे लागली. कृष्णवर्णीयांमध्ये मतदार नोंदणीचे प्रमाण श्वेतवर्णीयांपेक्षा कमी असल्याचे ब्रिटनच्या निवडणूक आयोगाने वेळोवेळी नोंदविले आहे. ती वाढविण्यासाठी 'ऑपरेशन ब्लॅक व्होट' ही संस्था १९९६ पासून धडपडते आहे. मजूर पक्षाच्या अंतर्गत कारभारावरील मार्टिन फोर्ड यांच्या जुलै २०२२ च्या अहवालात तर पक्षात वंशवादाचीही एक उतरंड असल्याचे, म्हणजे काहींवरील अन्यायाची दखल घेतली जाते आणि काहींच्या नाही, असे मत नोंदले गेले.

मजूर पक्षाला हा समाज पुरता कळलेला नाही, हे २०२१ मध्येही दिसले. पक्षनेते कीर स्टार्मर यांनी उत्तर लंडनमधील 'जीझस हाऊस' या नायजेरियन मूळ असलेल्या चर्चला भेट दिली, तेथील लसीकरणाचे कौतुक केले. समलैंगिकतेबाबत त्या चर्चच्या धर्मगुरूंच्या मतांवरून टीका होताच भेटीबद्दल माफी मागितली. ही चर्चे म्हणजे नवागतांचे नोकरी-घराचे माहितीकेंद्र, पतपेढी, वधूवर सूचक मंडळ असे सारे काही असते. वंशभेदाच्या प्रश्नावर डावा आणि कुटुंब, धर्म, शिस्त यांबाबत उजवा असलेला हा मतदार कोणत्याच चौकटीत बसत नाही. हुजूर पक्षाने हे काहीसे आधी ओळखले. २०१५ च्या निवडणुकीच्या तोंडावर डेव्हिड कॅमेरून अशाच एका नायजेरियन चर्चच्या भव्य मेळाव्याला गेले होते. हुजूर पक्षातील आफ्रिकी वंशाच्या नेत्यांना पदेही मोठी मिळाली. घानाई आईवडिलांचे क्वासी क्वार्टेंग २०२२ मध्ये ३८ दिवस अर्थमंत्री होते, सिएरा लिओनच्या मातेचे पुत्र जेम्स क्लेव्हरली आधी परराष्ट्रमंत्री आणि मग गृहमंत्री झाले.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केमी बेडनॉक हुजूर पक्षाच्या नेत्या झाल्या, तेव्हा लागोसमध्ये वाढलेली स्त्री चर्चिल यांच्या पक्षाच्या प्रमुखपदी बसली म्हणून जगभर कौतुक झाले. नायजेरियाचे उपाध्यक्ष काशिम शेट्टिमा यांनी मात्र त्यांच्या मातृभूमीवरील टीकेने चिडून, हवे तर 'केमी' हे नाव त्यांनी टाकून द्यावे, असे सुनावले. या वादापेक्षा त्यांचा जन्मदिनांक महत्त्वाचा आहे. बेडनॉक जानेवारी १९८० मध्ये विम्बल्डन येथे जन्मल्या. ब्रिटनच्या भूमीवर जन्म म्हणजे ब्रिटिश नागरिकत्व, हा नियम मार्गारेट थॅचर सरकारच्या कायद्याने १ जानेवारी १९८३ पासून संपला. सोळाव्या वर्षी त्या लंडनला परतल्या, त्या नागरिक म्हणून. व्हिसाच्या रांगेत उभ्या राहून नव्हे. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांच्या पक्षाने स्थायी वास्तव्यासाठीची पाच वर्षांची अट दहा वर्षे करावी आणि नागरिकत्वासाठी एकूण १५ वर्षे लावावीत, असा प्रस्ताव मांडला. सप्टेंबर २०२५ मध्ये नायजेल फराज यांच्या रिफॉर्म यूकेने तर स्थायी वास्तव्याचा परवानाच रद्द करण्याची घोषणा केली.

विरोधी पक्षांनी असे बोलावे, यात नवल नाही. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये मजूर सरकारच्या गृहमंत्री शबाना महमूद यांनीही स्थायी वास्तव्यासाठी दहा वर्षांचा आणि पदवीपेक्षा कमी पात्रतेच्या कामासाठी १५ वर्षांचा पल्ला सुचविला आणि आधीच देशात असलेल्यांनाही तो लागू करण्याचा इरादा जाहीर केला. यात मुख्यतः वृद्ध-रुग्णांच्या देखभालीचे काम करणारे येतात. कोरोनानंतर माणसे मिळेनात म्हणून फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारनेच त्यांच्यासाठी दार उघडले. सर्वाधिक आले ते भारत, नायजेरिया, झिम्बाब्वे या देशांतून. मार्च २०२४ मध्ये त्यांना कुटुंब आणण्यास बंदी झाली, जुलै २०२५ मध्ये परदेशातून नवी भरती थांबली. २०२२ ते २०२४ दरम्यान आरोग्य व देखभाल व्हिसावर आलेल्यांची संख्या, कुटुंबीयांसह, गृहखात्याच्या म्हणण्यानुसार सहा लाखांहून अधिक आहे.

वास्तव्याच्या कागदपत्रांचे राजकारण कोठवर जाते, याचा धडा २०१८ मध्येच मिळाला होता. लहानपणी कायदेशीररीत्या आलेल्या, आयुष्यभर कर भरलेल्या कॅरिबियन वृद्धांना पुरावे नसल्याने नोकरी, उपचार आणि काहींना देशही गमवावा लागला. त्यांच्या आगमनाची नोंद असलेली जुनी कार्डे गृहखात्यानेच २०१० मध्ये नष्ट केली होती. गृहमंत्री अंबर रड यांना पद सोडावे लागले. तेव्हा सर्व पक्षांनी खेद व्यक्त केला. आफ्रिकी समाजात मात्र त्या प्रकरणाकडे 'ते कॅरिबियनांचे' म्हणून पाहणारेही होते. ज्यांनी भरमसाट शुल्क भरून, पाच वर्षे वाट पाहून परवाना मिळविला, त्यांच्यापैकी अनेकांना नंतर येणाऱ्यांची वाट लांबली, तर विशेष वाईट वाटत नाही. बेडनॉक यांच्या भूमिकेला याच घरांतून मान डोलावली जाते, हे कटू असले तरी अनाकलनीय नाही.

संसदेची पुढील निवडणूक ऑगस्ट २०२९ पर्यंत होणे बंधनकारक आहे. २०२२ मध्ये हरारेहून देखभालीच्या कामासाठी आलेल्या स्त्रीचा जुन्या नियमाने २०२७ मध्ये स्थायी वास्तव्याचा हक्क पक्का झाला असता. १५ वर्षांचा नियम तिला लागू झाला, तर ते वर्ष २०३७ असेल. तोपर्यंत ती किमान दोन वेळा ब्रिटनच्या संसदेसाठी मत देऊ शकेल. अर्थात तिचा मालक आणि त्याचा परवाना तोवर टिकला तर.