पोटातील कळ उद्यावर नको
दिवाळीपूर्वी हिशेबाच्या धांदलीत माझ्या पुतण्याच्या बेंबीभोवती दुखू लागले. ‘गॅस असेल, दुकान वाढवल्यावर पाहू,’ असे म्हणत त्याने दिवस काढला. रात्री कळ उजव्या ओटीपोटात उतरली आणि पहाटे शस्त्रक्रिया करावी लागली. त्या निमित्ताने या व्याधीचे शास्त्र मी समजून घेतले.

आंत्रपुच्छ, म्हणजेच अपेंडिक्स, ही मोठ्या आतड्याच्या आरंभी असलेली, एका टोकाने बंद अशी बारीक नळी. मलाचा खडा अडकून किंवा भिंतीतील लसिका-ऊती सुजून पुष्कळदा तिचा मार्ग बंद होतो. आत स्राव साचतो, दाब वाढतो, भिंतीचे रक्ताभिसरण मंदावते आणि जंतू फोफावतात. इजा झालेल्या पेशी रासायनिक संदेश सोडतात. ते मिळताच रक्तातील न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तेथे धावून येतात. जंतू मारण्यासाठी त्या जी विकरे व दाहक द्रव्ये सोडतात, त्यांनी आपलीच भिंत झिजते. या पेशी भिंतीच्या स्नायुथरात आढळल्या, की सूक्ष्मदर्शकाखाली निदान पक्के होते.

भिंत फुटली, की आतील दाब उतरतो आणि काही काळ कळ थांबल्यासारखी वाटते. तो आराम नव्हे. जंतू आणि पू पोटात पसरू लागलेले असतात. म्हणून वाचकहो, अशा दुखण्यात एरंडेल वा जुलाब देऊ नये, पोट शेकत बसू नये; त्याच दिवशी शल्यचिकित्सकाला दाखवावे. उधारी उद्याही वसूल करता येते. ही कळ मात्र मुदत देत नाही.