विश्लेषण : टीव्हीवरचा रोजचा ‘लोकहिताचा’ अर्धा तास मोजणार कोण?

खासगी वाहिन्यांनी दिवसाला ३० मिनिटे लोकहिताचे कार्यक्रम दाखवावेत, अशी केंद्र सरकारची सूचना १ मार्च २०२३ पासून लागू आहे. तुमच्या घरातल्या टीव्हीवर हा अर्धा तास कधी दिसला का? आठवत नसेल, तर त्यात तुमच्या स्मरणशक्तीचा दोष नाही. हे कर्तव्य ठरवताना ते तपासायचे कसे, हा प्रश्न जवळपास सोडूनच देण्यात आला. नेमके हेच अमेरिकेतही २५ वर्षांपूर्वी घडले होते.

नियम काय सांगतो?

नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने उपग्रह वाहिन्यांसाठी नवी मार्गदर्शक तत्त्वे मंजूर केली. त्यात आठ विषय दिले आहेत : शिक्षण व साक्षरता, शेती व ग्रामविकास, आरोग्य व कुटुंबकल्याण, विज्ञान-तंत्रज्ञान, महिला कल्याण, दुर्बल घटकांचे कल्याण, पर्यावरण व सांस्कृतिक वारसा आणि राष्ट्रीय एकात्मता. मूळ इंग्रजीतला शब्द मात्र ‘करावे’ असा नाही, ‘करता येईल’ या अर्थाचा आहे. त्याच कलमात पुढे, राष्ट्रहिताच्या मजकुराबाबत सरकार वेळोवेळी देईल त्या सूचना वाहिन्यांनी पाळल्याच पाहिजेत, असे मात्र ठणकावून म्हटले आहे. म्हणजे प्रेक्षकांसाठीची अट ऐच्छिक आणि सरकारसाठीची सक्तीची.

जानेवारी २०२३ च्या सूचनापत्रात तपशील आला. अर्धा तास सलग नको, तुकड्यांत चालेल. रात्री १२ ते सकाळी ६ ही वेळ धरली जाणार नाही (ही अट चांगली आहे, नाहीतर सगळी शेती पहाटे तीनला झाली असती). एकाच वाहिनीवर किंवा अनेक वाहिन्यांवर तोच कार्यक्रम पुन्हा दाखवता येईल. इतर कार्यक्रमांत मिसळलेला मजकूरही मोजता येईल. मालिकेतल्या सासूने जेवणाच्या टेबलावर लसीकरणाबद्दल चार वाक्ये सांगितली, तर तीही धरायला यात वाव आहे. हिशेब कोण देणार? वाहिनी स्वतःच, दरमहा, मंत्रालयाच्या पोर्टलवर.

वाहिन्यांवर हे कर्तव्य कशासाठी?

याचे मूळ क्रिकेटमध्ये आहे. १९९३ च्या हिरो कपच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात वाद पेटला आणि सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात न्या. पी. बी. सावंत यांच्या पीठाने सांगितले की, प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहितासाठीच व्हायला हवा. महाराष्ट्राला न्या. सावंत पुढे ‘सावंत आयोगा’मुळे अधिक माहीत झाले, पण त्यांचा हा निकाल देशभरातल्या प्रसारणाचा पाया ठरला. २०२२ च्या तत्त्वांतही लहरी सार्वजनिक मालमत्ता असल्याचाच दाखला दिला आहे.

निकालाचा दुसरा भाग मात्र मागे पडला. या लहरींवर सरकारचीही मक्तेदारी नको, समाजातल्या सर्व घटकांचे प्रतिनिधित्व असलेली स्वायत्त यंत्रणा केंद्राने तातडीने उभारावी, असे न्यायालयाने म्हटले होते.

समित्या कमी नव्हत्या. वर्गीस समितीने १९७८ मध्ये आकाशवाणी आणि दूरदर्शनसाठी सरकारपासून स्वतंत्र न्यास सुचवला, जोशी समितीने ऐंशीच्या दशकात दूरदर्शनच्या आशयाचा विचार केला, २०१४ मध्ये पित्रोदा समितीने प्रसार भारतीवर अहवाल दिला. पण हा सगळा विचार प्रामुख्याने सरकारी प्रसारणाचा होता. खासगी वाहिन्यांनी समाजाला काय द्यायचे, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

अमेरिकेच्या समितीचे काय झाले?

अमेरिकेत १९९६ च्या दूरसंचार कायद्यानंतर टीव्ही केंद्रांना डिजिटल प्रक्षेपणासाठी जादा स्पेक्ट्रम मिळाला, तोही लिलावाशिवाय, फुकट. त्याची किंमत ७० अब्ज डॉलरपर्यंत असल्याचे अंदाज तेव्हा मांडले गेले. मग बदल्यात काय, हे ठरवायला अध्यक्ष क्लिंटन यांनी मार्च १९९७ मध्ये सल्लागार समिती नेमली. उपाध्यक्ष अल गोर यांच्यामुळे ती ‘गोर आयोग’ म्हणून ओळखली गेली.

इथेच मेख आहे. समितीच्या दोन सहअध्यक्षांपैकी एक होते नॉर्मन ऑर्नस्टीन, राज्यशास्त्राचे अभ्यासक. दुसरे होते लेस्ली मूनव्हेस, सीबीएस टेलिव्हिजनचे प्रमुख. ज्यांच्यावर कर्तव्य लादायचे, तेच ते ठरवायला बसले. शिवाय स्पेक्ट्रम आधीच देऊन झालेला, त्यामुळे सौदा करायला सरकारच्या हातात काही उरले नव्हते.

डिसेंबर १९९८ च्या अहवालातली सर्वात गाजलेली शिफारस होती : निवडणुकीआधीचे ३० दिवस रोज संध्याकाळी पाच मिनिटे उमेदवारांच्या भूमिका मांडायला द्या. तीही स्वेच्छेने! बंधनकारक ठोस अटींवर एकमत झालेच नाही. अनेक सदस्यांनी अहवालाला स्वतंत्र टिपणे जोडून आपापली नाराजी नोंदवली.

मग कर्तव्य पाळले जाते कधी?

याचेही उत्तर अमेरिकेतच सापडते. १९९६ मध्ये तिथल्या नियामकाने, म्हणजे एफसीसीने, मुलांसाठी आठवड्याला तीन तास शैक्षणिक कार्यक्रमांचा निकष ठरवला. युनिव्हिजन या स्पॅनिश भाषिक कंपनीने जुळ्या बहिणींच्या अदलाबदलीची एक मालिका ‘शैक्षणिक’ म्हणून दाखवली. युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टने केंद्राच्या परवाना नूतनीकरणालाच हरकत घेतली. शेवटी २००७ मध्ये कंपनीला २.४ कोटी डॉलर भरावे लागले.

हे घडू शकले, कारण आकडा ठरलेला होता, ‘शैक्षणिक’ म्हणजे काय याची व्याख्या होती आणि परवाना अडकू शकत होता. मुख्य म्हणजे, हरकत घेण्याचा हक्क सामान्य प्रेक्षकांना होता. तो हक्क १९६६ च्या एका न्यायालयीन निकालाने मिळाला होता, आणि तो खटलाही याच चर्चने मिसिसिपीतल्या एका टीव्ही केंद्राविरुद्ध लढवला होता. २०१९ मध्ये तीन तासांच्या अटी बऱ्याच सैल झाल्या, हेही खरे.

आपल्याकडे यांपैकी आकडा आहे. व्याख्या इतकी रुंद आहे की, तिच्यात जवळपास काहीही बसते. आणि प्रेक्षकाला या हिशेबात भूमिकाच नाही.

नव्या मसुद्यात काय होते?

नोव्हेंबर २०२३ मध्ये मंत्रालयाने प्रसारण सेवा नियमन विधेयकाचा मसुदा खुला केला. त्यात ‘प्रसारण सल्लागार परिषद’ प्रस्तावित होती : अध्यक्ष आणि मान्यवर सदस्य सरकारने नेमायचे, शिवाय गृह, परराष्ट्र अशा मंत्रालयांचे अधिकारी. तिने मुख्यतः तक्रारी आणि नियमभंगाची प्रकरणे पाहायची. गोर आयोगात उद्योग वरचढ होता, इथे सरकार. शेतकऱ्यांच्या किंवा पालकांच्या प्रतिनिधीसाठी राखीव जागा या मसुद्यात शोधून सापडणार नाही.

टीकेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये, सूचना विचारात घेऊन नवा मसुदा काढू, असे मंत्रालयाने सांगितले. टीकेचा बराचसा भर डिजिटल बातम्या आणि यूट्यूबवर आशय तयार करणाऱ्यांवरच्या संभाव्य नियंत्रणावर होता, आणि तो रास्तही होता. त्या गदारोळात अर्ध्या तासाच्या हिशेबावर फारसे कोणी बोलले नाही. २००४ पासून प्रसारणाचे दर आणि वितरण ‘ट्राय’ पाहते, कार्यक्रमांचा आशय नाही. १९९५ च्या निकालातली सर्व घटकांची स्वायत्त यंत्रणा त्याही मसुद्यात नव्हती.